टिनाच्या शेडचं इंग्रजी

सोयाबीन सोंगून गंजी लावली की आमच्या यवतमाळकडे पाऊस हमखास येतो, आणि ताडपत्री कितीही नवी असो, पाणी बरोबर गंजीच्या मधोमधच शिरते, म्हणून यंदा वावरात एक टिनाचं शेड टाकायचंच असं ठरलं. शेड म्हणजे काय मोठं, खाली जोतं, चार खांब, वर कैच्या म्हणजे छत पेलणारे लोखंडी तिकोने सांगाडे, त्यावर टिनं. तालुक्याच्या रोडवर एक फॅब्रिकेशनवाला आहे, त्याला माप दिलं, सगळी बोलणी मराठीतच झाली, मधात दोन चहा झाले, न् संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं ते पूर्ण इंग्रजीत.

फॅब्रिकेशन चार्जेस. असेंब्ली चार्जेस. इरेक्शन चार्जेस. कन्स्ट्रक्शन एक्स्ट्रा. चारींसमोर चार वेगळे आकडे.

बायकोनं मोबाईलवर अर्थ पाहिले, तर फिरून फिरून तेच: बांधणे, उभारणे, रचणे, जोडणे. ती म्हणाली, "अवो, हा तं एकच काम चार येळा लिहून राह्यला!" मलाही तसंच वाटलं. तेवढ्यात बाबांनी कागदावर उतरवून घेतलेलं वाचायला सुरुवात केली, आणि बाबांना ऐकू कमी येत असल्यानं ते बोलतात मोठ्यानं, त्यामुळे पानठेल्यापर्यंत आवाज गेला की "इरेक्शनचे पैसे लय लावले त्यानं!" पानठेल्यावरची कॉलेजची पोरं हसून हसून खाली बसायची बाकी राहिली. बाबांना कळेना काय झालं. मी काय सांगू? आमचे काका चंद्रपूरच्या थर्मलला बॉयलर इरेक्शनच्या ठेकेदाराकडे होते, त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर तो शब्द छापलेला होता न् ते कार्ड घालूनच ते लग्नाकार्याला जायचे, कोणी हसलं नाही. तेव्हा गावात इंग्रजी कमी होतं, बरं होतं.

नागपूरला मेकॅनिकल करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणे, "मामा, हे चारही शब्द वेगळेच आहेत जी, त्यानं फसवलं नाही." मग त्यानं जे समजावलं ते असं, की दुकानात लोखंड कापून, भोकं पाडून, वेल्डिंग मारून तुकडे तयार करणं हे फॅब्रिकेशन, ते तुकडे नटबोल्टनं एकमेकांना जोडणं ही असेंब्ली, जोडलेली कैची उचलून खांबावर चढवणं न् सांगाडा उभा करणं हे इरेक्शन, आणि पाया, जोतं, काँक्रीट असं जे जागेवरच घडवावं लागते ते कन्स्ट्रक्शन. म्हणे पॅरिसचा आयफेल टॉवरही असाच झाला, १८८७ ते १८८९ मध्ये, १८,०३८ तुकडे, ते लव्हालवा-पेरेच्या कारखान्यात फॅब्रिकेट झाले न् मग जागेवर आणून जोडत जोडत वर चढवले, रिव्हेट एकूण २५ लाख, त्यातले साधारण एक तृतीयांशच जागेवर मारले. मी म्हटलं त्याचं कोटेशन भेटते का पाहा. विमावालेसुद्धा हा फरक पाळतात म्हणे, सिव्हिल बांधकामाला 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी न् यंत्रं, लोखंडी सांगाडे बसवायला 'इरेक्शन ऑल रिस्क'.

हे सगळं मला पटलं, पण पटवायचं होतं घरी.

शेजारच्या भाऊंची धुऱ्याची केस कोर्टात आहे. त्यांना फॅब्रिकेशन म्हटल्याबरोबर वकील आठवला. "समोरच्यानं कागद फॅब्रिकेट केले म्हनते वकील, म्हनजे खोटे केले. मंग तुह्यं शेड खोटं हाय का बे?" आता कोर्टात हा शब्द आहेच, जुन्या भारतीय दंड संहितेत कलम १९२ खोटा पुरावा फॅब्रिकेट करण्याचं, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तेच २२८ झालं. पण मुळात लॅटिनमध्ये फाबेर म्हणजे कारागीर, लोहारसुद्धा. लोहाराचा शब्द वकिलाच्या हातात गेल्यावर आणखी काय होणार!

असेंब्लीवर बाबा अडले. असेंब्ली म्हटलं की त्यांना नागपूरचं हिवाळी अधिवेशनच माहीत, १९५३ च्या नागपूर करारावर ते अजूनही अर्धा तास बोलू शकतात. म्हणे, "तिथं जोडाजोडी होते हे मान्य, पन नटबोल्ट कोन लावते?"

बरं, आपल्याकडे काय क्रियापदं कमी आहेत? घर बांधतो, स्लॅब टाकतो, मांडव टाकतो, कुड घालतो, चूल मांडतो. पण मांडववाल्यानं कधी 'टाकण्याचे' वेगळे न् 'बांधण्याचे' वेगळे पैसे लावल्याचं मी तरी ऐकलं नाही. इंग्रजीतही 'बिल्ड' हा साधा शब्द आहे, त्यात सगळंच येते, पायापासून टिनापर्यंत, पण 'बिल्डिंग चार्जेस' असं काही त्या कागदावर नव्हतं. भाचा म्हणाला बिल्ड हा इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द, बाकीचे सगळे लॅटिनकडून नाहीतर फ्रेंचकडून आलेले. म्हणजे कोंबडी गावरान असली की भाव जास्त, न् शब्द गावरान असला की फुकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही दुकानात. बायको आधीच ठरवून आली होती, तिनं सरळ सांगितलं, "असेंब्ली काढून टाका भाऊ, नटबोल्ट आमची पोरं वावरात कसून घेतीन." तो काही बोललाच नाही. खिशातून पेन काढला, असेंब्लीवर काट मारली, हिशेब लावल्यासारखं केलं न् त्याच ओळीत लिहिलं, फिटिंग अँड फिक्सिंग. आकडा तोच.

बाबांनी कागद डोळ्याजवळ नेला, वाचला न् म्हणाले, "हे फिक्सिंग मात्र समजलं मले."