निकाल आधी, व्हिडिओ नंतर

तर मंडळी, मोबाईल उघडलात आणि बघता तर काय, सगळे कुणावर तरी तुटून पडलेत. कोण आहे, काय केलं, काही पत्ता नाही. घाबरू नका, पत्ता नसणं हेच तुमचं भांडवल आहे, कारण थोडीफार माहिती असली की माणूस सावध बोलायला लागतो आणि सावध पोस्टला कुत्रं विचारत नाही.

आधी क्लिप. पूर्ण बघायची नाही बरं का, हात उगारलेला दिसला की थांबायचं. त्याच्या आधीचं मिनिटभर कुणीतरी कापलेलं असतं, आता कापणाऱ्याने काहीतरी विचार करूनच कापलं असेल ना, त्याच्या मेहनतीचा मान ठेवा. ध चा मा करायला आनंदीबाईंना म्हणे लेखणी लागली, आपल्याकडे ट्रिमचं बटण आहे.

त्या बटणाची ताकद बघायची असेल तर कराचीतला एक व्हिडिओ आठवा. मुलं पळवली जातात, लक्ष ठेवा, असं सांगायला एका संस्थेने केलेला. मोटारसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, फलकसुद्धा दाखवतात. तो शेवट उडवून उरलेला भाग भारतभर फिरला, मुलं पळवणारी टोळी आली म्हणून. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घालायचं जाहीर केलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पाच तर पाच, पण ग्रुप मोठे निवडा.

आणि घाई करा हो! अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या, २०१८ ला छापून आलं, खोटी बातमी रिट्विट व्हायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आणि खरीला १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या साधारण सहापट वेळ. बॉट्सवर, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणाऱ्या खात्यांवर ढकलायला गेलात तर तेही जमत नाही, हा पराक्रम मुख्यतः माणसांचाच निघाला. आता तुम्हीच सांगा, खऱ्याची वाट बघत बसलात तर तुमचा नंबर लागेपर्यंत ट्रेंड राहील का?

मग गुन्हेगार शोधायचा. हे पोलिसांना जमत नाही, आपल्याला चहा संपायच्या आत जमतं. ऑगस्ट २०१७, अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मशाली घेऊन मोर्चा काढला, एका फोटोत दाढीवाला माणूस, टी-शर्टवर आर्कान्सा इंजिनिअरिंग. झालं! आर्कान्सा विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवणारा दाढीवाला प्राध्यापक सापडला, याला नोकरीवरून काढा म्हणून मेसेजचा पाऊस, घराचा पत्ता सुद्धा ऑनलाइन. आता तो त्या संध्याकाळी तिथून दीडेक हजार किलोमीटर लांब बायकोबरोबर म्युझियममध्ये होता, नंतर घाबरून सहकाऱ्याच्या घरी राहायला गेला, हे सगळे बारीकसारीक तपशील. दाढी जुळत होती की नाही? मग!

खोटं पडलात तर काय, हा प्रश्न नवशिके फार विचारतात. पोस्ट गुपचूप डिलीट करायची. कुणी स्क्रीनशॉट दाखवलाच तर "मी फक्त शेअर केलं होतं" म्हणायचं आणि लगेच मीडियावर घसरायचं, मीडियाला शिव्या घातल्या की दोन्हीकडचे लोक लाइक करतात हा अनुभव आहे. आणि तरीही माफी मागाच म्हणून कुणी हटून बसलं तर मागा बिनधास्त, फक्त ती स्टोरीत टाका, चोवीस तासांत आपोआप उडते.