सध्या काय चाललंय?

आमच्या धंद्यात 'कसा आहेस?' असं कुणी विचारत नाही. 'सध्या काय चाललंय?' असं विचारतात. उत्तरात दोन नाटकं, एक मालिका आणि 'एका सिनेमाचं बोलणं चालू आहे' एवढं आलं नाही, तर समोरच्याचा हात आपोआप आपल्या खांद्यावर येतो. परवा दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या खाली एका जुन्या मित्राने विचारलं. मी खरं ते सांगितलं, "महिन्याला सहा-सात प्रयोग. बाकी घरीच." त्याने आवाज खाली आणला. "तब्येत बरी आहे ना रे?"

तब्येत ठणठणीत आहे. म्हणूनच लिहितोय.

मी नायक कधीच नव्हतो. नायकाचा मित्र, घरमालक, चुकीच्या वेळी दार वाजवणारा मामा, असली कामं. विनोदी नट म्हणा. पंचवीस वर्षं महिन्याला पंचवीसेक प्रयोग केले. शनिवारी दुपारी ठाण्यात गडकरी नाट्यगृह, रात्री वाशीला भावे. रविवारी पुण्यात साडेबाराला बालगंधर्व, साडेपाचला कोथरूडचं यशवंतराव, साडेनऊला चिंचवड. मग बस. चांदीच्या कागदातला गार वडा, आणि पहाटे चारला डोंबिवलीत स्वतःच्याच घरात चोरासारखी किल्ली फिरवायची. 'अहो, हळू, आई जागी होईल,' हे बायकोचं वाक्य माझ्या संसारातलं सगळ्यात जास्त प्रयोग झालेलं वाक्य.

त्या काळात एकदा सांगलीला प्रयोगानंतर आभार मानायला पुढे गेलो आणि भरल्या आवाजात म्हणालो, "कोल्हापूरकरांनो, तुमचं प्रेम असंच राहू द्या." सांगलीत! विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे मराठी नाटकाला सुरुवात केली, त्या गावात! अख्ख्या नाटकात मिळाला नव्हता एवढा मोठा लाफ्टर मिळाला. निर्माता खूश, मी मात्र बसमध्ये मागच्या सीटवर बसून विचार करत राहिलो, की आज सकाळी मी नेमका कुठल्या गावात उठलो होतो. आठवेना.

रस्त्याचं आम्ही फारसं बोलत नाही. २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे वाईहून परतताना मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरात नट आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे त्याच रस्त्यावर. रात्री बस तिथून जाते तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांचाही आवाज उतरतो. बस्स, एवढंच.

आता कुणी म्हणेल, प्रशांत दामले बघा. बघितलेत. २००१ मध्ये एका दिवसात पाच प्रयोग आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंदला साडेबारा हजारावा. त्यांना साष्टांग दंडवत. पण तो माणूस वेगळ्या मातीचा आहे, आणि त्यांचा आकडा बघून बाकीच्या सगळ्यांनी स्वतःला 'आळशी' ठरवून घ्यायचं, हे मला पटत नाही. बिझी असणं हा आमच्याकडे दागिना झालाय. तो अंगावर नसला की माणूस चारचौघांत ओशाळतो.

आणि हो, घरी बसणं आणि घरी बसवलं जाणं यात फरक आहे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हाही मी याच बाल्कनीत, याच खुर्चीत होतो. चहा हाच होता. पण घशाखाली उतरत नव्हता. मधे थोडे दिवस पन्नास टक्के खुर्च्यांवर प्रयोग झाले, पुन्हा कुलूप लागलं, ते ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालं. तेव्हा आमचे बॅकस्टेजवाले काय करत होते ते मी पाहिलंय. कुणी भाजी विकत होता, कुणी गावी गेला तो गेलाच. म्हणून माझ्या या आरामाचा डांगोरा पिटताना थोडी लाज वाटते. माझ्या घराचं कर्ज फिटलंय, मुलगी कमावतेय, म्हणून मला संथ जगणं परवडतं. सेट लावणाऱ्याला नाइट बुडाली की त्या दिवसाचे पैसे बुडाले. त्याला कुणी 'जरा स्लो हो' असं सांगू नये.

काम बंद नाहीये माझं. ऑडिओबुकं वाचतो. स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं गोदरेजच्या कपाटाशेजारचं लाकडी कपाट. बायकोच्या साड्या दोन्ही बाजूंना, डोक्यावर गोधडी, समोर माइक, हातात मोबाइलचा उजेड. साड्या आवाज छान पितात, त्यातही कांजीवरम सगळ्यात जास्त. अडचण एकच, कुकर. एका गंभीर प्रसंगात नायकाचा बाप शेवटचा श्वास घेत असताना तिसरी शिट्टी झाली. ते पान चार वेळा वाचलं. आता आमच्याकडे वरण-भात माझ्या रेकॉर्डिंगच्या वेळा बघून लागतो, आणि बायको म्हणते की यापेक्षा तुमचे दौरे बरे होते.

पण खरी कमाई वेगळीच झालीय. दुपारी मी आईसोबत गवार निवडायला बसतो. आई ब्याऐंशीची. टोक मोडायचं, दोर काढायचा, शेंगेचे तुकडे करायचे. हे करता करता ती बोलते. परवा सांगत होती, "सिलिंडरवाला आला. लिफ्ट बंद. तिसरा मजला. बिचारा घामाघूम झालेला. मला म्हणाला, आजी, आत ठेवायला घरात कुणी तरुण माणूस नाही का? मी म्हटलं, आहे ना…"

इथे आईने एक शेंग उचलली. टोक मोडलं. दोर सावकाश, अख्खा काढला. कट्.

"…पण तो झोपलाय. नट आहे तो."

मी गवारीच्या ताटावरून उठून हसलो. आणि मग हसणं थांबलं, कारण तो पॉज! एवढा लांब पॉज घ्यायची माझी पंचवीस वर्षांत छाती झाली नव्हती. आम्ही तीन सेकंदांच्या शांततेला घाबरतो, वाटतं प्रेक्षक खोकायला लागेल. ही बाई अख्ख्या शेंगेचा दोर काढेपर्यंत मला टांगून ठेवत होती, आणि मी टांगून राहिलो होतो. पंचवीस वर्षं हे घरात रोज चालू होतं आणि मी पनवेलच्या पुढे कुठेतरी बसमध्ये घोरत होतो.

गेल्या रविवारी पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात ते करून बघितलं. नाटकात मला विचारतात, घरात कुणी शहाणं माणूस आहे का? माझं उत्तर, "आहे ना, पण ती माहेरी गेलीय." दर वेळी सरळ फेकतो, बऱ्यापैकी हशा येतो. या वेळी "आहे ना" म्हणून थांबलो. मनातल्या मनात शेंग उचलली. टोक मोडलं. दोर ओढायला लागलो आणि समोरच्या नटाला वाटलं मी ब्लँक झालो. पोरगा गुणी, धावत मदतीला आला. "वहिनी माहेरी गेल्यात ना?" पंच त्यानेच मारला, तोही प्रश्नार्थक. थिएटरात सुई पडली असती तर ऐकू आली असती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हातात गवार होती का?"