चोथा पचत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही

चोथा, म्हणजे अन्नातील तंतुमय घटक, माणसाला पचत नाहीत, त्यामुळे ते निरुपयोगी आहेत. ते आतड्याचे अस्तर खरवडतात. आणि बद्धकोष्ठता घालवायची असेल तर ते पूर्ण बंद करावेत, असा तीन कलमी मजकूर सध्या जिकडेतिकडे पुढे पाठवला जात आहे.

पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि त्यामुळेच ते अधिक फसवे आहे. आपल्या पाचकरसांना सेल्युलोजसारखे तंतू तोडता येत नाहीत. परंतु मोठ्या आतड्यातील जिवाणू अनेक तंतू आंबवून (किण्वन करून) ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार करतात, आणि यांतील ब्युटिरेट हे त्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे ज्या अस्तराला चोथ्यापासून वाचवण्याचा सल्ला दिला जातो, त्याच अस्तराचे पोषण बऱ्याच अंशी चोथ्यावर होते.

खरवडण्याचे म्हणाल, तर भरड कोंड्याचे कण अस्तराला घासतात हे खरे. पण त्या स्पर्शाने अस्तरातून पाणी आणि श्लेष्म स्रवतो व मल मऊ होतो. ही इजा नव्हे.

तिसऱ्या विधानासाठी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यात तंतू बंद केलेल्या रुग्णांना आराम पडला हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र रुग्ण केवळ ६३ होते, आणि कोणी किती तंतू खायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांच्या आतड्याची हालचालच मंद आहे, किंवा शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होत नाहीत, त्यांचे पोट अधिक चोथ्याने फुगते, आणि आतडे एखाद्या ठिकाणी अरुंद झाले असेल तर डॉक्टरच तो कमी करायला सांगतात. हे अपवाद सर्वांवर लादणे मला घातक वाटते.

शिवाय सगळे तंतू एकसारखे नसतात, ही गोष्ट या मजकुरात कुठेच येत नाही. इसबगोल पाणी धरून ठेवते आणि फारसे आंबत नाही. आतड्याच्या क्षोभविकाराच्या (आयबीएस, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी) २७५ रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत त्याने लक्षणे कमी झाली, कोंड्याने मात्र तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते; तेथवर काही आठवड्यांत, पुरेसे पाणी पीत, हळूहळू पोहोचावे, कारण एकदम वाढ केल्यास सुरुवातीला वायू होतो. शौचाची सवय अचानक बदलली किंवा रक्त दिसले, तर आहारात फेरफार करत न बसता आधी तपासणी करून घ्यावी.