ओट्याची उंची

कोथरूडमधल्या ज्या सोसायटीत मी लहानाचा मोठा झालो, तिच्या पुनर्विकासावरून गेले चार महिने वाद चालू आहे, आणि त्या वादात माझ्या घराचा दाखला दिला गेला नसता तर मी त्यात पडलोही नसतो. १९८३ साली बांधलेल्या तीन मजल्यांच्या, सोळा बिऱ्हाडांच्या या इमारतीच्या जागी अकरा मजले उभे राहणार आहेत. विकसकाने प्रत्येक सभासदापुढे दोन नकाशे ठेवले आहेत. फरशी, ओटा, दारे, नळ हे सगळे ठरावीक. त्यावर सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "आपल्याला एवढीसुद्धा निवड नाही. यांचा थोरला टेक्सासमध्ये आहे. तिकडे घर घेणारा माणूस नकाशापासून नळापर्यंत सगळे स्वतः निवडतो." आईने हे मला फोनवर सांगितले तेव्हा तिच्या आवाजात अभिमान होता. मला मात्र राग आला, कारण त्या निवडीचे आठ तास मी काढलेले आहेत आणि त्यात मी काय निवडले हे मला चांगले ठाऊक आहे.

आम्ही २०२३ मध्ये डॅलसच्या उत्तरेला सेलिनामध्ये घर नोंदवले. नव्या वसाहतीत सगळ्याचा क्रम ठरलेला असतो. आधी लॉट, म्हणजे जागेचा तुकडा. आमच्या लॉटला पंधरा हजार डॉलरांचा प्रीमियम होता, कारण मागे दुसरे घर नाही, ग्रीनबेल्ट म्हणजे मोकळा हिरवा पट्टा आहे. मग त्या लॉटवर बसतील असे चार नकाशे आणि प्रत्येकाची तीन एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजूची तीन रूपे. मग स्ट्रक्चरल ऑप्शन: जेवणाच्या खोलीऐवजी स्टडी, गॅरेज चार फूट लांब, पॅशिओ मोठा, वर गेमरूमला लागून मीडिया रूम, खालच्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर. हे सगळे करारावर सही केल्यापासून जेमतेम दोन आठवड्यांत ठरवायचे, कारण परवान्यासाठी नकाशा पाठवला जातो, त्यानंतर नळ पुरून स्लॅब ओततात, आणि त्या स्लॅबमध्ये पोस्ट-टेन्शनच्या केबल ताणलेल्या असल्यामुळे नंतर तो कापायला कोणी धजत नाही. प्रत्येक ऑप्शनपुढे किंमत छापलेली असते. यादीत नसलेली गोष्ट मागितली तर उत्तर अत्यंत सौजन्याने मिळते, पण ते नकाराचेच असते.

घराच्या आतले साहित्य जिथे निवडायचे त्या डिझाइन सेंटरला आम्ही त्यानंतर दोनदा गेलो, प्रत्येक वेळी चार तास. ओट्यावरच्या क्वार्ट्झ दगडाच्या पाच पातळ्या, फरशीच्या सहा, कॅबिनेटच्या चार. मॉडेल होममध्ये, म्हणजे नमुन्याच्या घरात, जे पाहून घर मनात भरलेले असते ते पाचव्या पातळीचे असते, आणि मूळ किमतीत येते ती पहिली. सल्लागार बाईंच्या टॅब्लेटवर बेरीज वाढत जात होती आणि प्रत्येक निर्णयाशी आम्ही अडखळलो की त्या सांगत, "रीसेलला हे चांगले." वीस वर्षांनी आमचे घर जो विकत घेईल त्या अनोळखी माणसाची आवड आम्ही त्या आठ तासांत जपत होतो. दिवाणखान्याचा रंग त्याचा आहे. दरवाज्यांच्या मुठीही त्याच्याच आहेत.

पत्नीने तेवढ्यातही आपले काही वाचवले. क्वार्ट्झच्या नमुन्याचा तुकडा ती घरी घेऊन आली आणि त्यावर तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवली. सकाळी पांढऱ्या दगडावर रुपयाएवढे पिवळे वर्तुळ उमटले होते. खाण्याच्या सोड्याने घासल्यावर ते फिकट झाले, गेले नाही. म्हणून आम्ही राखाडी घेतला. आमच्या ओळीतल्या अकरा घरांपैकी सहा भारतीयांची आहेत, पण त्या यादीला हळद ठाऊक नाही आणि फोडणीही ठाऊक नाही. मूळ किमतीत मायक्रोवेव्हखालचा जो पंखा मिळतो तो धूर गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. छतातून बाहेर सोडणारा हूड हवा असेल तर तो फ्रेमिंगच्या, म्हणजे लाकडी चौकट उभी करण्याच्या, आधी सांगावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. शेजारच्या तेलुगू कुटुंबाने हे वेळेवर सांगितले नसते तर आमच्या वरच्या खोल्यांना आज हिंगाचा वास असता.

जे मिळाले नाही ते म्हणजे ओट्याची उंची. पत्नी पाच फूट एक इंच उंच आहे. कॅबिनेट कारखान्यातून तयार येतात आणि वरचा दगड धरून जमिनीपासून छत्तीस इंचांवर बसतात. मी विचारले, दोन इंच कमी करता येतील का, जे काय पैसे होतील ते देतो. पाच पातळ्यांचा दगड देऊ करणाऱ्या त्या कंपनीकडे या दोन इंचांसाठी रकाना नव्हता. कणीक मळताना पत्नीचे खांदे अजूनही वर चढतात.

१९८३ साली कोथरूडच्या घराचा ताबा मिळाल्यावर बाबांनी पहिल्याच आठवड्यात बिल्डरने घातलेला ओटा काढायला लावला. मी सात वर्षांचा होतो आणि दारात उभा राहून पाहत होतो. मिस्त्रीने आईला भिंतीशी उभे केले, हात कोपरात दुमडायला सांगितला आणि कोपराखाली चार बोटे सोडून पेन्सिलीने रेघ मारली. मग पोळपाट-लाटणे मागवून, दोन विटांच्या थरांवर फळी टाकून तिला लाटल्यासारखे करून दाखवायला सांगितले. तिचे हात चालताना पाहून त्याने ती रेघ पुसली आणि अर्धा इंच खाली दुसरी मारली. त्या रेघेवर कडप्प्याचा ओटा बसला. वरच्या मजल्यावरच्या काकू उंच होत्या, त्यांचा ओटा उंच होता. सोळा स्वयंपाकघरांत एकाचा ओटा दुसऱ्याच्या मापाचा नव्हता. आई आज पंचाहत्तर वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून एकटी राहते आणि त्याच ओट्यावर भाकरी थापते.

सभेतल्या त्या गृहस्थांना मला विचारायचे आहे की निवड म्हणजे नेमके काय हवे आहे. आपल्याकडची खरी निवड नेहमीच ताब्यानंतर, मिस्त्री आणि सुतार घरात आल्यावर सुरू होत आली आहे, आणि तिला कधी कोणी निवड म्हटले नाही. संरक्षणाचे म्हणाल, तर घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. नोंदणीकृत करारावाचून विकसकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावे लागतात. इमारतीच्या मंजूर नकाशात फेरफार करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. टेक्सासमध्ये घरे बांधणाऱ्याला राज्याचा परवानाच लागत नाही. २००३ साली यासाठी एक आयोग स्थापन झाला होता, तो २०१० पर्यंत गुंडाळला गेला. माझ्या करारात साहित्य बदलण्याचा हक्क बिल्डरकडे आहे, आणि वाद झाला तर मला न्यायालयात जाता येत नाही, लवादाकडे जावे लागते.

अर्थात मला किल्ली दहा महिन्यांनी, सांगितलेल्या आठवड्यात मिळाली. पुण्यात माझ्या चुलतभावाने चार वर्षे भाडे आणि हप्ता दोन्ही भरले. हे मी विसरत नाही, आणि पुण्याची बाजू घेताना हे गाळणेही मला पटत नाही.

चौरस फुटांबद्दल मात्र मला एक कबुली द्यायची आहे. आमचे घर २,९४० चौरस फुटांचे आहे असे मी धाकट्या भावाला सांगितले तेव्हा तो फोनवर थोडा वेळ गप्प झाला. इथले हे मोजमाप बाहेरच्या भिंतींच्या बाहेरच्या कडेने घेतात. भिंतींची जाडी, जिना, सगळे त्यात धरलेले असते. रेराच्या कार्पेटमध्ये, म्हणजे आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यासारखे नाहीत हे मला तेव्हाही माहीत होते, आणि मी ते त्याला सांगितले नाही.

आमच्या घरांना पुठ्ठ्याची घरे म्हणणारे नातेवाईकही आहेत, आणि तेही मला मान्य नाही. उत्तर टेक्सासची ब्लॅकलँड माती आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीची सख्खी बहीण आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर लाकडी चौकटीचे हलके घर शहाणपणाचेच असते. जुलैत पायाभोवती सोकर होज, म्हणजे पाणी झिरपवणारी नळी, टाकून मातीला पाणी पाजावे लागते, नाहीतर ती स्लॅबपासून सुटते. संध्याकाळी नळ सोडून मी तिथे उभा राहतो. परभणीला आजोळच्या शेतात पहिल्या पावसाला जो वास यायचा, तोच येतो, आणि शेजारी घरात गेले तरी मी बराच वेळ बाहेरच असतो.

सोसायटीच्या सभेत सध्या फरशीच्या रंगावर भांडण चालू आहे. फरशी दहा वर्षांनी बदलता येईल. अकरा मजल्यांच्या इमारतीत न्हाणीवर न्हाणी यावी लागते, नळ आणि मैलापाणी एकाच डक्टमधून उतरते, आणि बांधकाम मायव्हान शटरिंगचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेले, असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या येतात, म्हणजे नंतर मिस्त्री बोलावून भिंत हलवण्याची आपली जुनी सोय संपते. म्हणून भांडायचे ते न बदलणाऱ्या गोष्टींवर. न्हाणीच्या दारातून चाकाची खुर्ची जावी, मध्ये उंबरा नसावा, पाण्याचा ढाळ दाराकडे नसावा, लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावावे, आणि ओटा बसवण्याआधी प्रत्येक घरातल्या माणसाला बोलावून उंची घ्यावी. २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांच्या संमतीवर पुनर्विकास पुढे जाऊ शकतो. जुन्या सभासदांचा खरा आधार विकसन करार हाच असतो. जे त्यात लिहिलेले नसेल ते पुढे तोंडी मागत बसावे लागेल.

हे मी भावाला सविस्तर लिहून पाठवले. त्याने उत्तर दिले, "सगळे बरोबर आहे. तू ये आणि सभेत बोल." तो आईपासून दहा मिनिटांवर राहतो आणि प्रत्येक सभेला तोच जातो. त्याच्या वाक्यावर मला काही लिहिता आले नाही.

आमच्या यादीतला सर्वांत महागडा ऑप्शन खालच्या खोलीचे न्हाणीघर हा होता, एकोणीस हजार डॉलर. तो आईसाठी घेतला. जमिनीलगतचा शॉवर, हातात धरायचा फवारा, आधाराच्या दांड्यांसाठी भिंतीत आधीच बसवलेले लाकडी ब्लॉकिंग. ड्रायवॉल, म्हणजे आतल्या भिंतींचे जिप्समचे तक्ते, लागण्याआधी घर पाहायला बोलावतात. पुष्कळ जण तेव्हा लाकडाच्या उभ्या पट्ट्यांवर बायबलमधली वचने लिहितात. मी आईच्या खोलीत खिडकीशेजारच्या पट्टीवर मार्करने 'श्री' लिहिले आणि खाली तारीख घातली. पुढच्या आठवड्यात ते भिंतीत गेले. आई त्या खोलीत एकदाच राहिली, २०२४ च्या उन्हाळ्यात. खुर्ची ओढून खिडकीशी बसायची. एका दुपारी म्हणाली, "घर छान आहे रे, पण इथे दारावरून कोणी जात नाही." परतीचे तिकीट तिने दोन आठवडे अलीकडे करून घेतले.

मागच्या रविवारी भावाने विकसकाचे दोन्ही नकाशे पाठवले. एकात मोठा हॉल आणि दोन खोल्या. दुसऱ्यात हॉल लहान आणि नऊ बाय आठची तिसरी खोली, त्यासाठी ऐंशी चौरस फूट जादा कार्पेट विकत घ्यायचे. खाली त्याने लिहिले होते, "आईला तिसरी खोली हवी आहे, तुझ्यासाठी. मला वाटते पैसे वाया जातील. तू काय म्हणतोस?" मी दोन वर्षांतून तीन आठवडे जातो. जी खोली कोणी वापरणार नाही तिच्यावर पैसे घालू नयेत हे मी सेलिनात एकोणीस हजार देऊन शिकलो आहे, आणि भावाचे म्हणणे सर्वार्थाने बरोबर होते. मी लिहिले, तिसरी खोली घ्या, जादा कार्पेटचे पैसे मी पाठवतो.

दोन दिवस त्याचे उत्तर आले नाही. मग नकाशाचा फोटो आला. तिसऱ्या खोलीवर आईने पेन्सिलीने 'माळा हवा' असे लिहिले होते, कारण माझी शाळेची ट्रंक अजून जुन्या माळ्यावर आहे. स्वयंपाकघरात ओट्यापुढे एक आडवी रेघ होती आणि तिच्याशेजारी आकडा, साडेतीस इंच. तिने जुना ओटा मोजून घेतला होता.