मायचा कापूस ओला निघाला म्हणे

आज सरकारी खरेदी केंद्रावरून कापसाची गाडी परत फिरवली. ओलावा १३ टक्के लागला. १२ च्या वर घेत नाहीत. माल तपासणाऱ्या ग्रेडरने ओलाव्याचं मीटर तीन ठिकाणी खुपसलं, मान हलवली आणि मागच्या गाडीला हात केला.

माझ्या मायने तो कापूस चार दिवस अंगणात वाळवला होता. सकाळी दव गेलं की पसरवायचा, ऊन कललं की गोळा करायचा, पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, हाताने निवडून बाजूला. घरून निघाला तेव्हा खडखडीत होता. दोन रात्री गाडी रांगेत उघड्यावर उभी राहिली, डिसेंबरचं दव पडलं, ताडपत्री आतून ओली. ओलावा वाढणार नाही तर काय होईल?

दुसऱ्यांदा गाडीभाडं कुठून आणू? तिथूनच व्यापाऱ्याकडे गेलो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११०, हातात ६९००. चौदा क्विंटल होता. करा हिशोब.

आणि परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं ना, ते सरकारने २०२५ च्या ऑगस्टात ऐन पोळ्याच्या आठवड्यात काढून टाकलं. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसांत मुदत ३१ डिसेंबरवर नेली. आमची वेचणी सुरू व्हायची होती अजून! कापडवाल्यांसाठी एका अधिसूचनेवर दार उघडतं. आम्हाला सातबारा, ई-पीक पाहणी, ॲपवर नोंदणी, स्लॉट, आणि एवढं करून वर मीटर.

हो, अमेरिकेने तेव्हा आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापडवाले अडचणीत आले, मान्य. हमीभाव ५८९ रुपयांनी वाढवला, तेही मान्य. पण त्या कापडवाल्यांची अडचण माझ्या मायच्या ताडपत्रीवरून का भागवता? यवतमाळात ज्या घरांत कर्त्या माणसाच्या फोटोला हार आहे, तिथे जाऊन सांगा हे धोरण. सांगा तोंडावर! हमीभावाखाली खरेदी चालणार नाही असा कायदा करा म्हणतो तर सगळे गप्प.

ग्रेडरवर राग नाही माझा. भाच्याच्या वयाचा पोरगा. "काका, माझ्या हातात काही नाही," म्हणाला, आणि खरंच नाही त्याच्या हातात. पण रांगेतल्या गाड्यांवर एक शेड तरी टाका रे. तेवढ्यानेही आज माझा माल वाचला असता.

मायला भाव सांगितला नाही अजून. तिने विचारलं, "वापस केला काय रे बापू?" मी म्हटलं, विकला. ती म्हणे, "मंग कोठीतला सहा क्विंटल उद्या अंगणात टाकू. या टायमाले पाच दिवस वाळवतो."