फिफ्टी-फिफ्टी घेतल्यावर उत्तर बदलायचं? ते का म्हणून?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरांत 'केबीसीवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत', खाली चार मुद्दे. फिफ्टी-फिफ्टी घेतल्यावर मनातलं उत्तर नेहमी बदला, जिंकायची शक्यता ६६ टक्के होते, हे 'मॉन्टी हॉल' गणितानं सिद्ध झालंय. परीक्षेतही हेच करा. ऑडियन्स पोलमध्ये लोकांना मुद्दाम चुकीचं बटण दाबायला लावतात. आणि एक कोटी जिंकणाऱ्याच्या हातात निम्मेही पडत नाहीत. असले मेसेज मी न वाचता उडवते. पण हा माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं तो सराव परीक्षेत वापरला. म्हणून हा खटाटोप.

आधी ते ६६ टक्के. मॉन्टी हॉल हा अमेरिकेतल्या 'लेट्स मेक अ डील' या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. त्याच्या नावाचं कोडं असं: तीन बंद दारं, एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार सांगता. तो उरलेल्यांपैकी बकरीचं एक दार उघडतो आणि विचारतो, बदलायचंय? बदललंत तर गाडी मिळायची शक्यता दोन तृतीयांश. हे खरं आहे. १९९० मध्ये मॅरिलिन व्होस सावंत या अमेरिकन स्तंभलेखिकेनं आपल्या सदरात हे उत्तर दिलं तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक 'बाई, चुकलात' असं सुनावणारी. चूक पत्रं लिहिणाऱ्यांची होती.

पण हे उत्तर एका अटीवर उभं आहे. सूत्रसंचालकाला गाडी कुठे ते माहीत असतं, आणि तुमचं दार तो कधीच उघडत नाही. अट काढली की काय होतं ते १९९१ मध्ये खुद्द मॉन्टी हॉलनंच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला आपल्या घरी खेळून दाखवलं. वार्ताहरानं बकरीचं दार सांगितलं की हा ते लगेच उघडून मोकळा. गाडीचं सांगितलं तरच बदलायची संधी. बदलणारा दर वेळी हरला!

आता फिफ्टी-फिफ्टी. कॉम्प्युटर दोन चुकीचे पर्याय उडवतो. तुमच्या मनात काय आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, तुमचा पर्यायही उडू शकतो. समजा ४०० जणांनी नुसते अंदाज बांधले. त्यातले १०० बरोबर, त्यांचा पर्याय टिकणारच. ३०० चूक, त्यातल्या २०० जणांचा पर्याय उडाला, १०० जणांचा टिकला. ज्यांचा टिकला त्यांच्यात बरोबर १०० आणि चूकही १००. बदला नाहीतर ठेवा, निम्मेच. एवढं मान्य करते की तुमचं उत्तर कधीच उडवायचं नाही असा नियम असता, तर बदलणं फायद्याचं ठरलं असतं. पण तेव्हाही शक्यता ७५ टक्के आली असती, कारण इथे पर्याय चार आहेत. ६६ हा तीन दारांचा आकडा, या महाभागांनी तो तसाच उचललाय.

भाचीला हे पटेना. "मावशी, गणितानं सिद्ध झालंय गं!" मग चिठ्ठ्या केल्या. ती अ, ब, क, ड यांतलं एक अक्षर लिहून झाकून ठेवायची. बरोबर अक्षर मी आधीच ठरवलेलं. उरलेल्या तिन्हींच्या चिठ्ठ्या हलवून त्यातल्या दोन मी उचलायच्या, ती अक्षरं बाद. चाळीस डाव झाले. एकवीस वेळा तिचं अक्षरच बाद झालं. उरलेल्या एकोणीसांत दहा बरोबर, नऊ चूक. मग गप्प बसली.

या मेसेजमधला खरा उपद्व्याप म्हणजे परीक्षेचा मुद्दा. प्रश्न होता, भारताचा पहिला उपग्रह कोणता? आर्यभट, भास्कर, रोहिणी, ॲपल. रोहिणी आणि ॲपल नंतरचे हे तिला माहीत होतं, तिनं ते खोडले. आर्यभटवर बोट होतं. तेवढ्यात हा मेसेज आठवला आणि बाईंनी भास्करवर खूण केली. आर्यभट १९७५चा, भास्कर १९७९चा. अगं, इथे दारं कुणी उघडली? तूच ना? दोन पर्याय तू अभ्यासाच्या जोरावर काढलेस, म्हणजे उरलेल्या दोहोंबद्दलही तुला काहीतरी माहीत आहे. ते सोडून नाणं उलटं टाकायचं? प्रश्न पुन्हा वाचून कारण सापडलं तर उत्तर जरूर बदलावं, असे बदल बरेचदा बरोबरही निघतात. पण 'नेहमी बदला' म्हणणाऱ्याला कारण लागतच नाही.

ऑडियन्स पोलबद्दल थोडक्यात. शंभरातल्या वीसच जणांना उत्तर माहीत असेल आणि बाकीचे ऐंशी वाटेल ते बटण दाबत असतील, तर ते ऐंशी चार पर्यायांत वीस-वीस विखुरतात. बरोबर पर्यायाला चाळीस मतं पडतात. प्रश्न अवघड झाला की माहीत असणारे वीसही उरत नाहीत, आणि पोल भरकटतो. कट कसला त्यात?

पैशांच्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, नाइलाजानं मानते. बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर लागतो, एरवीची करमुक्त मर्यादाही इथे लागू नाही. ३० टक्के तर कापूनच हातात देतात. अधिभार आणि उपकर हे करावरचे जादा कर धरले तर एक कोटीवर, दुसरं उत्पन्न नसेल तर, ३४ लाख ३२ हजार जातात. उरतात ६५ लाख ६८ हजार. याला निम्मेही नाहीत म्हणणाऱ्यानं आम्हाला ६६ टक्के शिकवावेत!