मासळी नसलेले हुमण

डिसेंबर लागला की फोंड्याहून मामांचा फोन येतो, गोवा मुक्तिदिनाचा विषय निघतो आणि तो हमखास यूनोवर येऊन थांबतो. यंदा ते म्हणाले, "तुमची यूनो म्हणजे मासळी नसलेलं हुमण. वास आहे, तिखट आहे, खायला काही नाही." हुमण म्हणजे आमच्या गोव्याकडची माशांची आमटी. 'तुमची' म्हणण्याचे कारण एवढेच, की मी अकरा वर्षे नेदरलँड्समधल्या हेगमध्ये राहतो आणि कामावर जाताना माझी ट्राम शांतता प्रासादावरून जाते. त्या विटांच्या इमारतीत यूनोचे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते. मी एका गोदामाचे हिशेब लिहितो. न्यायालयाशी माझा संबंध ट्रामच्या काचेपुरताच आहे.

युक्रेन आणि गाझाच्या बातम्या पाहून मामा नकाराधिकारावर चिडतात, म्हणजे सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत दिले तर ठराव पडतो त्या नियमावर, आणि ती चीड मला समजते. पण नकाराधिकाराला शिव्या देताना गोवेकराने जरा जपून बोलावे. 18 डिसेंबर 1961 रोजी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने गोव्यात घुसवलेले सैन्य मागे घ्यावे असा ठराव मांडला, त्याच्या बाजूने सात मते पडली, विरोधात चार, आणि तरीही तो फेटाळला गेला, कारण त्या चारांपैकी एक मत सोव्हिएत संघाचे होते. ठराव मंजूर झाला असता तरी आपले सैन्य मागे फिरले नसते असे मला वाटते. पण ज्या परिषदेच्या अपयशाबद्दल आपण आज हळहळतो, तिचे त्या दिवशीचे अपयश आपल्या पथ्यावर पडले होते, हे विसरून चालणार नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या वर्षभर आधी घडली होती, आणि मुक्तिदिनाच्या भाषणांत ती क्वचितच ऐकू येते. पोर्तुगालने 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असे नाव दिले होते, म्हणजे गोवा हा जणू लिस्बनचाच एक जिल्हा. डिसेंबर 1960 मध्ये आमसभेने 1542 क्रमांकाच्या ठरावात गोव्यासह या सगळ्या प्रदेशांची यादी दिली आणि त्यांना स्वराज्य नसल्यामुळे त्यांची माहिती देणे पोर्तुगालला बंधनकारक आहे, असे सांगितले. त्या कागदाने एकही पोर्तुगीज शिपाई हलला नाही. मात्र 'हा आमचा अंतर्गत प्रश्न' या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या युक्तिवादाला जगाच्या व्यासपीठावर आधार उरला नाही.

हेगचेही तसेच. डिसेंबर 1955 मध्ये यूनोचे सदस्यत्व मिळताच पोर्तुगालने दादरा-नगर हवेली या आपल्या वसाहतीला भारतातून जाण्याच्या वाटेसाठी भारताला याच न्यायालयात खेचले. 12 एप्रिल 1960 चा निकाल असा, की खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला नव्हता, आणि भारताने काही वावगे केलेले नाही. पुढे 2017 मध्ये पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत स्वतःहून त्याच दारात गेला. 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने पाकिस्तानने परदेशी कैद्याला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क देण्याविषयीच्या व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला, तेव्हा इमारतीचा फोटो काढून पाठव म्हणून मामांचेच तीन निरोप आले होते. त्या दिवशी हुमणात मासळी होती.

मार्च 2022 मध्ये मात्र न्यायालयाने रशियाला युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला, रशियाने तो जुमानला नाही, आणि माझी ट्राम दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी त्या फाटकासमोरून गेली. याला माझ्याकडे उत्तर नाही. मोठ्या देशाला बांधून ठेवणारी दोरी कोणाकडेच नाही.

पण यूनोच्या पसाऱ्यात असेही पुष्कळ काही आहे जे टीव्हीवर येत नाही. वास्कोचा माझा मावसभाऊ बोटीवर जातो. दोन वर्षांपूर्वी आखाताजवळ त्याची बोट नांगर टाकून पडली, मालकाने फोन घेणे बंद केले, सात महिन्यांचा पगार थकला. मेसच्या भिंतीवर, चहाच्या किटलीच्या वर, एक प्रमाणपत्र चिकटवलेले होते. यूनोच्याच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2006 च्या सागरी कामगार कराराला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली. त्यातील 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देण्याची हमी बोटीकडे असावी लागते, आणि तिचा कागद सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. त्या कागदावरच्या विमा कंपनीला भावाने पत्र लिहिले. त्याला विमानाचे तिकीट मिळाले आणि चार महिन्यांचे पैसेही मिळाले.

"म्हणजे तीन महिन्यांचे बुडालेच की," मामा म्हणाले. बुडालेच, हे खरे आहे. त्याच्या वडिलांच्या काळात सातही बुडाले असते आणि तिकिटासाठी गावात वर्गणी काढावी लागली असती.

गेल्या महिन्यात भाऊ दुसऱ्या बोटीवर चढला आणि त्याने पहिला फोटो पाठवला तो मेसच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा. मी तो फोंड्याला पाठवला. तासाभराने मामांचे उत्तर आले: "मुदत कधीपर्यंत आहे ते बघायला सांग त्याला."